जर्मन पोलिसांचे कपडे घेऊन

संतपूर

मी जर्मनीला गेलेली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे त्या देशाचं नाव बऱ्याचदा येणार आहे आणि वाचणाऱ्याची फसवणूक होऊ नये. मी गेले ती संतपूरहून बसवकल्याणला, तिथून मादन हिप्परग्याला आणि शेवटी सोलापूरला. चार दिवसांचा प्रवास. पण मांडीवर मांजरपाटात बांधलेलं एक बोचकं होतं आणि त्यात जर्मनीच्या पोलिसांचे चार गणवेश होते. त्यामुळे मी नेमकी कुठे होते, हे मला त्या चार दिवसांत नीटसं सांगता आलं नसतं.

माझे वडील, अप्पा, शिंपी आहेत. तरुणपणी पंधरा वर्षं त्यांनी सोलापुरात गणवेशाच्या एका कारखान्यात काम केलं. नंतर गावी येऊन दुकान घातलं. शाळेच्या पोरांचे कपडे आणि औरादच्या ठाण्यातल्या पोलिसांची खाकी, यावर आमचं घर चाललं. आता शाळेचे कपडे तयार मिळतात आणि खाकीही बाहेरून येते. हैदराबादला माझे मामा एका मोठ्या इमारतीत वॉचमन आहेत. त्यांनी शेजारच्या इमारतीत अप्पांसाठी जागा धरून ठेवली होती. येत्या एक तारखेपासून. बारा तास दारात उभं राहायचं, आणि अप्पांचा डावा गुडघा तर पायमशीनवरसुद्धा सुजतो.

अशात सोलापूरच्या जुन्या मालकांचा निरोप आला. जर्मनीतल्या एका लहान संग्रहालयाला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलिसांचे कपडे हवे होते, पुतळ्यांना घालायला. बिल्ले ते तिकडे लावणार. आधी नमुन्याचे चार संच द्यायचे. ते पसंत पडले तर पुढे वर्षभर पुरेल एवढं काम. मोठ्या कारखान्याला असं चार तऱ्हेचं बारीक काम परवडत नाही, म्हणून मालकांना अप्पांची आठवण झाली.

मापांच्या तक्त्यासोबत चित्रांची एक पुस्तिका आली होती. मी कलबुर्गीच्या कॉलेजात इतिहास शिकते, घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे पुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचता वाचता मी त्यातच राहू लागले. युद्ध संपलं तेव्हा जर्मनीत बाहेरच्या सैन्यांचा अंमल होता. पोलिस सैनिकासारखा दिसू नये, असं त्यांना वाटत होतं. पण नवीन कापड कुठून आणणार? म्हणून सैन्याचेच जुने कोट रंगवून पोलिसांना घातले. पुढे देशाचे दोन भाग झाले. पश्चिमेकडे प्रत्येक राज्याचा पोलिस वेगळा दिसू लागला, डोक्यावर उंच, कडक टोपी. पूर्वेकडे सरकारच वेगळं, तिथल्या पोलिसाला पुढे निराळाच हिरवा रंग आला. मग सत्तरच्या दशकात पश्चिमेकडच्यांनी सगळ्यांना एकच कपडा ठरवला. शेवाळी कोट, फिकट तपकिरी पँट, पिवळसर शर्ट. तो आखायला फॅशनचे कपडे करणारा माणूस बोलावला होता, म्हणजे लोकांना पोलिसाची भीती वाटू नये. भिंत पडल्यावर पूर्वेकडच्यांनीही तोच घातला. आणि आता अलीकडे एकेक राज्य करत सगळे निळे झाले.

हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते कात्री खाली ठेवून ऐकत होते.

"रंगवलेल्या कोटावरचा जुना बिल्ला उसवला आसंल की त्येंनी," ते म्हणाले. "त्या जागी रंग वेगळा बसतोय. दाट. कितीबी रंगव, कळतंय."

हे पुस्तिकेत नव्हतं.

शिवण झाली, पण दोन कामं राहिली होती. टोप्या बसवकल्याणला बनत होत्या, आणि हातानं काज करणारी बाई मादन हिप्परग्याला. अप्पांच्या गुडघ्याला एवढा प्रवास झेपला नसता. शिवाय आमच्या कर्नाटकात सरकारी बसला बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत.

"तू जाशील का?" अप्पांनी विचारलं. आधी काही काम असलं की ते मला सरळ सांगायचे, पण मी कॉलेजला जायला लागल्यापासून विचारू लागले आहेत.

"जाते की."

"बोचकं खाली ठिवू नको. इस्तरी मोडंल."

बसवकल्याण

कार्तिकातली पहाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर फुललेली, आणि धुकं एवढं खाली उतरलेलं की पिवळी फुलं पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. मी काचेला डोकं टेकलं. मध्येच एखादा माणूस खांद्यावर घोंगडी टाकून धुक्यातून यायचा आणि बसच्या मागे विरून जायचा. मला वाटायचं, युद्धात पडलेल्या जर्मन शहरांतल्या रस्त्यांवर पहिल्या हिवाळ्यात रंगवलेला कोट घालून फिरणारा पोलिस असाच दिसत असेल. त्याच्या कोटाला ओल्या रंगाचा वास येत असेल. तो कोट भट्टीत बुडवणारा कुणीतरी असेल, त्याची बोटं आठवडाभर काळी-निळी राहिली असतील. त्याला आपल्यासारखंच गाव असेल.

बीदरला गाडी बदलली. कंडक्टर बोचक्याकडे बघत म्हणाले, "काय हाय यात अक्का?"

"पोलिसांचे कपडे."

"कुठल्या ठाण्याचे?"

मला खोटं नीट जमत नाही. "जर्मनीच्या."

त्यांनी शून्याचं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाले, "मंग जरा सरकून बसा. त्येंच्याबी लोकांना जागा लागतीय."

पुढच्या बाकावरची बाई हसली. हुमनाबादपर्यंत ती मागे वळून बोचक्याकडे बघत होती.

बसवकल्याणला स्टँडवर सुसला खाल्ला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा असतो तो, शेंगदाण्याचं कूट घातलेला, सोबत तळलेली मिरची. आमच्याकडे कलबुर्गीला मिळतो त्यापेक्षा इथला थोडा आंबट. मग किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत टोपीवाल्या चाचांचं घर विचारत गेले. चाचा लग्नाच्या बँडवाल्यांच्या टोप्या करतात. जरीच्या, पिसं लावलेल्या, लाल मखमलीच्या. खोलीभर त्या खुंट्यांना लटकलेल्या होत्या, जणू एक वरात टोप्या काढून आत जेवायला गेली आहे.

"आओ बेटी," चाचा म्हणाले. "संतपूरवाले के घर की ना? बैठो. तुम्हारे चारों जवान तैयार हैं."

चारही टोप्या त्यांनी फळीवर ओळीनं मांडल्या. उंच, कडक, वर सपाट अशी पहिली. मग पूर्वेकडची हिरवी. मग शेवाळी पट्टीची. आणि शेवटची पांढरी, काळ्या चकचकीत झडपेची. उंच टोपीवर त्यांचा जीव जडला होता. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली.

"ये देखो. मेरेकू फोटो भेजे, बोले पोलिस की है. मैं बोला नक्को झूट बोलो, ये तो अपना बँडवाला है. खाली पिस्स लगाना बाकी रहा."

"पीस नको हं चाचा."

"नईं लगाया ना. मन तो बहोत हुआ."

त्यांच्या सुनेनं जेवायला बसवलं. घरात खिमा शिजत होता. तिनं माझ्या गळ्यातला दोरा पाहिला, त्यात इष्टलिंग आहे, म्हणजे मी लिंगायत, हे ओळखलं, आणि न विचारता माझ्यापुढे खिचडी आणि चिंचेचा खट्टा ठेवला. एवढा आंबट-गोड खट्टा मी आयुष्यात खाल्ला नाही. ताट संपेपर्यंत ती वाढत राहिली, आणि चाचा सांगत राहिले. त्यांचे वडीलही टोप्या शिवायचे. ते याच खोलीत, याच खिडकीत बसायचे. आधी निजामाच्या पोलिसांच्या टोप्या शिवल्या. मग निजाम गेला, हैदराबाद राज्याच्या शिवल्या. मग आपण म्हैसूरला जोडले गेलो, तेव्हा तिसऱ्या. एका बाजूनं दुमडलेली ती मोठी टोपी तर मीही लहानपणापासून हवालदारांच्या डोक्यावर पाहिली आहे. आता तीही बदलली.

"अब्बा बोलते थे," चाचा म्हणाले, "राज कौनसा आया वो मेरेकू अखबार से पैले मालूम होता. सिर का नाप वोइच, टोपी दूसरी."

मी जर्मनीतल्या पूर्वेकडच्या पोलिसांचं सांगितलं. भिंत पडल्यावर ज्यांनी एक हिरवा उतरवून दुसरा हिरवा चढवला. चाचांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ऊन होतं, आणि गल्लीत कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं.

"पुराना वाला क्या किया उनो?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुस्तिकेत तेही नव्हतं. अजूनही मी शोधते आहे.

टोप्या त्यांनी जुन्या साड्यांत एकेक गुंडाळून दिल्या. त्या रात्री कॉलेजातल्या मैत्रिणीकडे राहिले. तिच्या आईनं हुग्गी केली होती, ती गव्हाची गुळातली खीर, आणि मी ती खातानाच झोपले असं म्हणतात.

मादन हिप्परगा

मादन हिप्परगा आळंदजवळ, आणि बसवकल्याणहून आळंदला उमरग्यावरून जवळ पडतं. पण उमरगा महाराष्ट्रात, म्हणजे तिथे राज्य बदलतं आणि शून्याचं तिकीट चालत नाही. म्हणून मी हुमनाबाद, कलबुर्गी, आळंद असा लांबचा फेरा घेतला. दिवसभर बसमध्ये बसून, आपण सरहद्दीच्या आतल्या बाजूनं, काठाकाठानं चाललो आहोत, असं वाटत राहिलं. सरहद्द कुठे दिसत नाही. तूर तीच, ज्वारी तीच, बोलताना लोक अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं कन्नडमध्ये बोलतात तेही तसंच. पुस्तिकेतल्या दोन हिरव्या रंगांमध्ये मात्र काटेरी तार होती आणि ती ओलांडणाऱ्यांवर गोळ्या झाडत असत. हे वाचून कळतं, पण बसच्या खिडकीतून बघताना खरं वाटत नाही.

काशीबाई अंगणातच भेटल्या. साठीच्या असाव्यात. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सोलापूरच्या कारखान्यात त्या आणि अप्पा एकाच ओळीत काम करायचे.

"ऊटा आयता?" त्यांनी आधी कन्नडमध्ये जेवणाचं विचारलं, मग माझ्या तोंडाकडे बघून मराठीत म्हणाल्या, "न्हाई झालं. तोंडच सांगायलंय. बस."

ज्वारीची भाकरी, पुंडीची भाजी आणि लसणाची चटणी. पुंडी म्हणजे आपली अंबाडी. आमच्याकडे तिच्यात डाळ घालतात, इथे ज्वारीच्या कण्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईंनी चारही संच बोचक्यातून काढले. बांधून सुरकुत्या पडल्या होत्या, म्हणून कडुलिंबाच्या फांदीपासून भिंतीतल्या खुंटीपर्यंत दोरी बांधून, हँगरला लावून ते टांगले, वर कोट, खाली पँट. वारा सुटला. कोट छातीपाशी फुगले, बाह्या हलल्या, पँटींचे पाय एकमेकांना लागू लागले. अंगणात चार माणसं आली होती. त्यांच्यामध्ये साठ-सत्तर वर्षांचं अंतर होतं आणि दोरी मात्र एक. पहिला थकलेला दिसत होता. पूर्वेकडचा जरा ताठ. शेवाळी कोटवाला वाऱ्यावर सगळ्यांत मोकळा हलत होता, म्हणजे तो आखणाऱ्या माणसाला हवं तसं काहीतरी अप्पांच्या हातूनही उतरलं असावं. निळा त्यांच्या शेवटी, कोऱ्या मुलासारखा. मी उंबऱ्यावर बसून किती वेळ बघत होते कोण जाणे.

पाण्याला निघालेल्या बायका कुंपणापाशी थांबल्या.

"काशाक्का, पावणे कोन म्हनायचे?"

"जर्मनीचे पोलिस हायत."

"कामून आलेत?"

"तुझ्या नवऱ्याला धरायला. परवा गुत्त्यात बसला होता म्हनं."

"न्या म्हणावं. जेवायला घालतेत का तिकडं?"

त्या हसत गेल्या. काशीबाई काज करायला बसल्या. हातानं काज करणं मी लहानपणी पाहिलं होतं, पण असं नाही. छिद्राच्या काठानं आधी जाड दोरा धरायचा, मग रेशमी दोऱ्यानं त्याच्यावरून टाका घ्यायचा, प्रत्येक टाक्याला बारीक गाठ. काज म्हणजे एक मिटलेला डोळा वाटत होता.

"तुझा बाप ह्ये करायला लाजायचा," त्या म्हणाल्या. "बायांचं काम हाय म्हनायचा. मी म्हनायचे, बटनाला काय ठावं बाई हाय का बाप्या. शेवटी माझ्याकडंच पाठिवला की न्हाई?"

कोट झाले. मग सगळ्यांत जुन्या काळातल्या पँटीला पुढे बटणं होती, म्हणून ती त्यांनी उलटी केली. आणि हात थांबवला.

"ह्ये बघ. दोन बोटं मार्जिन सोडलंय मागं. बाजूलाबी." त्या हसल्या. "पोलिसाचीच पँट हाय, म्हन की."

आमच्याकडे पोलिसाची पँट शिवताना आत असं जादा कापड सोडायची रीत आहे. माणूस भरती होतो तेव्हा काटकुळा असतो, नोकरीबरोबर त्याचं पोट वाढत जातं, आणि दर दोन वर्षांनी तो पँट घेऊन शिंप्याकडे येतो. शिलाई उसवून थोडी सैल केली की पँट पुन्हा चालते. अप्पांनी हे जादा कापड नुसतं सोडलं नव्हतं. त्याच्या कडांना आतून पट्टी लावून, इस्त्री मारून, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी ते बाहेरच्यापेक्षा सुंदर केलं होतं.

मी पिशवीतून मापांचा तक्ता काढला. तक्त्यात आठ रकाने होते. अप्पांना वाचून दाखवताना मी सात वाचले होते. आठव्याच्या डोक्यावर जे इंग्रजी शब्द होते, त्यांचा अर्थ मला लागला नव्हता, आणि खाली सगळीकडे एकच आकडा होता, एक. आई बाजूला बसली होती. मुलीला कॉलेजात जाऊनही हे येत नाही, असं मला तिला दिसू द्यायचं नव्हतं. अप्पांनी विचारलं होतं, "आनि?" आणि मी म्हणाले होते, "बास. एवढंच."

आता काशीबाईंच्या अंगणात, उलटी पँट समोर असताना, त्या रकान्याचा अर्थ मला कळला. शिलाईच्या आत किती कापड सोडायचं, ते माप होतं ते. एक सेंटिमीटर.

मी काशीबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"आसं हाय व्हय." त्यांनी कात्री माझ्यापुढे सरकवली. "काप की मंग. चारीबी काप. मी कडंला हातानं टाका मारून देते. कुनाला कळतंय?"

कात्री उचलली मी. खरंच उचलली. कापून टाकलं तर नमुने कदाचित पसंत पडतील. वर्षभराचं काम येईल, अप्पांना हैदराबादला दारात उभं राहावं लागणार नाही. आणि मी एक रकाना चुकवला हे कुणालाही, कधीही, कळणार नाही. पात्याची टोकं अप्पांच्या पट्टीपर्यंत नेली. पट्टी फिकट निळी होती. आईच्या जुन्या परकराची. तिच्या आत एवढ्या सरळ शिलाया होत्या की कापताना पहिला टाका कोणता तोडायचा हे मला ठरवता येईना. शिवाय मी कापलं असतं ते वाकडंच गेलं असतं. चूक गेली नसती, नुसती आत गेली असती.

"मला न्हाई जमत," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," काशीबाई म्हणाल्या. त्यांनी कात्री आपल्या बाजूला ओढून घेतली आणि पुन्हा काज करायला लागल्या. थोड्या वेळानं, मान वर न करता, "मालकाला काय सांगनार?"

"आहे ते."

"बापाला?"

संध्याकाळी अप्पांचा फोन आला. काज कसे झाले, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, छान. टोप्या बसतात का? बसतात. गुडघा कसा आहे? आहे तसाच. मामाचा फोन आला होता, जागा एक तारखेपर्यंतच धरून ठेवतो म्हणाला. बरं, ठेवू? ठेवा.

समोर दोरीवर चारही जण अंधारत गेले, आधी निळा, मग काळपट रंगवलेला, मग पूर्वेकडचा हिरवा, शेवटी शेवाळी.

सोलापूर

आळंदहून सोलापूरच्या बसचं तिकीट काढलं. राज्य बदललं ते फक्त त्या तिकिटावरून कळलं.

मालक वयानं अप्पांपेक्षा लहान आहेत. अप्पा काम करायचे ते त्यांच्या वडिलांच्या हाताखाली. त्यांनी टोप्या उचलून पाहिल्या, काज मोजले, दोन वेळा बोटानं चाचपून पाहिले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी पँटी उलट्या केल्या. एक, दोन, तीन, चार.

"हे काय आहे?"

"ती चूक माझी आहे," मी म्हणाले. रस्त्यात घोकून ठेवलेलं एवढंच वाक्य होतं.

"तू शिवलीस?"

"नाही. कागद मी वाचला. शेवटचा रकाना वाचला नाही."

"का?"

"समजला नव्हता. अप्पांना तसं सांगायची लाज वाटली."

त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, न घालताच ठेवला. "हे दोन बोटांचं मार्जिन तुझ्या अप्पांना कुणी शिकवलं, माहीत आहे का? माझ्या वडिलांनी. याच हॉलमध्ये." त्यांनी पँट पुन्हा सुलटी केली. "पण मुली, ही पुतळ्याला घालायची आहे. पुतळ्याचं पोट वाढत नाही. आतून जाड झालं की बाहेर फुगवटा येतो. बघ, इथे."

खरंच येत होता. सांगितल्यावर दिसत होता.

"मी कापून पाठवू शकतो इथून," ते म्हणाले.

"नको."

का म्हणाले, मला आजही माहीत नाही. त्यांनी पँटींची घडी घातली. "ठीक. कोट आणि टोप्या मी ठेवून घेतो. पँटी ने. दहा दिवसांत परत आल्या तर चारही संच एकत्र पाठवतो. तिकडचे पसंत करतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. दहा दिवसांत नाही आल्या, तर पँटींचं काम दुसऱ्याकडे."

मी मनात तारखा मोजल्या. एक तारीख सहा दिवसांवर होती.

पुन्हा संतपूर

बोचकं आता हलकं होतं, तरी मी ते मांडीवरच ठेवलं. परतीच्या प्रवासातलं मला फार आठवत नाही. उमरग्याच्या पुढे ऊन कलतं झालं आणि तुरीच्या शेतांवरून एक पिवळा उजेड सरकत होता. मी डोळे मिटले की वाऱ्यात हलणाऱ्या रिकाम्या बाह्या दिसायच्या. त्या कुणाला तरी बोलावत असल्यासारख्या वाटायच्या, किंवा निरोप देत असल्यासारख्या. दोन्हींत फरक करता येत नव्हता.

घरी पोचले तेव्हा अप्पा दुकानात होते. आई शेजारच्यांकडे गेली होती, हे बरं झालं असं आधी वाटलं. मग वाटलं, नाही, तिच्यासमोरच सांगायला हवं होतं. पण मग धीर राहिला नसता. म्हणून बोचकं सोडता सोडताच सगळं सांगितलं. आठवा रकाना, एक सेंटिमीटर, काशीबाईंची कात्री, मालकांचं बोलणं, दहा दिवस.

अप्पांनी एक पँट उचलली, उलटी केली आणि मार्जिनवरून अंगठा फिरवला.

"त्या रकान्यात एक लिव्हलं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही बघितलं होतं?"

"इंग्रजी येत न्हाई. आकडे येतेत की." त्यांनी पँट मांडीवर पसरली. "एक कशाचा, ह्ये बी मला वळखू आलं होतं. दुसरं काय आसनार. पन तू म्हनलीस, एवढंच. तुझी आई बसली होती. म्हनून मी इचारलं न्हाई."

मी बोचक्याच्या मांजरपाटाची घडी घालू लागले.

"आनि मंग शिवताना," ते म्हणाले, "हातानं सोडलं दोन बोटं. पोलिसाची म्हनलं की हात ऐकतच न्हाई."

त्यांनी खिशातून फोन काढला, चाळता चाळता डोळ्यांजवळ धरला, आणि मग माझ्याकडे दिला. "मामाला लाव."

मामांनी लगेच उचलला. अप्पा नेहमी फोनवर मोठ्यानं बोलतात. आज हळू बोलले.

"एक तारखंला माझं जमत न्हाई."

मामांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "दाजी, आसं कामून करायलाव? जागा ऱ्हात न्हाई हो. दुसरा मानूस उद्याच येऊन उभा ऱ्हाईल. तिकडचं पक्कं झालं का?"

"न्हाई झालं."

"मंग?"

अप्पांनी मशीनच्या खणातून ब्लेड काढलं आणि पँटीची मागची शिलाई दोन बोटांत ताणून धरली.

"दुसरा बघा," ते म्हणाले. "मला चार पँटी उसवायच्यात."